टेलपर्यंतचा नकाशा



पाण्याचा हिशेब खानदेशाला नवा नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीत बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणत आले, थळाचे फड पाडत आले, आणि पाणी शेवटच्या वाफ्याला लागलं की नाही हे बघायला पाटकरी नेमत आले. पुढे मोठी धरणं झाली, कालवे निघाले आणि सरकारी कागदांत दोन वेगळे आकडे आले. एक लाभक्षेत्राचा, दुसरा प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राचा. गिरणेच्या कालव्यावरचा टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी लाभक्षेत्रात मोडतो; पाणी त्याच्या बांधाला लागतं का, हा निराळा प्रश्न असतो. आजचा माझा विषय इंटरनेटचा आहे, पण त्यातला मूळ मुद्दा हाच आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ब्रॉडबँड कुठे पोचलं याचे आज जे नकाशे आणि तक्ते समोर ठेवले जातात, ते लाभक्षेत्राचे आहेत. पुरवठादाराच्या टोकाला उभं राहून ते काढलेले आहेत. हा नकाशा टेलकडून काढायला हवा, असं माझं म्हणणं आहे. आणि तो तसा काढायचा असेल, तर तालुक्याच्या गावी बसून बिनतारी इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना सोबत घेतल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

नकाशात एकक कोणतं धरलं, यावर सगळं अवलंबून असतं. विजेचं उदाहरण पाहा. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कारणासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विद्युतीकृत धरलं जाई. एका विहिरीवरची मोटर पुरे होती. २००४ मध्ये व्याख्या कडक झाली. शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी हवी, असं ठरलं. त्याच पट्टीने २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लैसांग जोडलं गेलं आणि देशातलं प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. त्या घोषणेत खोटं काही नव्हतं. पण गाव जोडलं म्हणजे घर जोडलं असं होत नाही, हे सरकारलाही ठाऊक होतं, म्हणून तर २०१७ मध्येच घरोघरच्या जोडणीसाठी सौभाग्य ही वेगळी योजना सुरू करावी लागली. ब्रॉडबँडच्या बाबतीत आपण अजून त्या आधीच्या पायरीवर उभे आहोत. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. तेच पुढे भारतनेट झालं. त्याचं एकक ग्रामपंचायत. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ पर्यंत झाल्या, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य शासनाने महानेट या नावाने महाआयटीमार्फत हाती घेतलं. आज देशभरात दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' म्हणून मोजल्या जातात. 'सज्ज' हा शब्द नीट वाचायला हवा. पंचायतीच्या कार्यालयात जोडणीची पेटी बसली, फायबर तिथवर आलं, एवढंच तो सांगतो. पेटी आज चालू आहे का, पंचायतीच्या भिंतीपलीकडे कुणाला त्यातून काही मिळतं का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय देशात ग्रामपंचायती अडीच लाखांच्या आसपास आणि २०११ च्या जनगणनेतली गावं ६ लाख ४० हजार. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या त्या आराखड्यात, उरलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांसाठी 'मागणीनुसार' जोडणीची तरतूद आहे. या शब्दाकडे मी शेवटी पुन्हा येईन.

आता हे एकक खानदेशावर ठेवून पाहू. जळगावचे पंधरा आणि धुळ्याचे चार तालुके मिळून २०११ मध्ये ६२ लाखांवर लोक राहत होते. मधून तापी वाहते, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा, उत्तरेला सातपुडा. भुसावळहून सुरतेकडे गेलेली रेल्वे आणि धुळ्यावरून शिरपूरमार्गे वर चढणारा मुंबई-आग्रा महामार्ग यांच्या कडेकडेने फायबर टाकणं सोपं. तिथे रस्ता आहे, वीज आहे, दुरुस्तीची गाडी पोचते. खोऱ्यातलं गाव सहसा एका गावठाणात दाटीने वसलेलं असतं. पंचायतीच्या कार्यालयापासून शेवटचं घर हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी ग्रामपंचायत हे एकक निदान गैरसमज करून देत नाही. पण रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांचा उत्तरेकडचा भाग घ्या, किंवा साक्रीचा पश्चिमेकडचा पिंपळनेरपलीकडचा. तिथे महसुली गाव हा पाड्यांचा पुंजका असतो. पाडा एका टेकाडावर, दुसरा नाल्यापलीकडे, आणि कार्यालय तिसऱ्याच ठिकाणी. पंचायतीतली पेटी हिरवा दिवा दाखवत असेल, तरी त्या दिव्याचा पाड्याशी संबंध असेलच असं नाही. आणि गंमत नाही, खंतच वाटावी अशी गोष्ट ही की कायद्याने हे केव्हाच ओळखलं आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात गावाची व्याख्याच मुळी वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह अशी आहे. महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २०१४ मध्ये आले आणि अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याची वाट त्यांनी मोकळी केली. वर सांगितलेल्या तालुक्यांचे काही भाग याच क्षेत्रात येतात. ज्या पाड्याला कायदा गाव म्हणतो, त्याला ब्रॉडबँडचा तक्ता ओळखत नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. फायबरचं सोडा, मोबाइल तर सगळीकडे पोचला आहे ना? आकडे त्याच बाजूचे आहेत. २०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९४ कोटी ग्राहक मोजले गेले आणि त्यांपैकी तारेने जोडलेले फक्त चार कोटींच्या आसपास होते. बाकी जवळजवळ सगळे मोबाइलवाले. आणि मोबाइलचा नकाशाही आता आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले आणि प्रत्येक मोबाइल कंपनीने आपापला व्याप्ती-नकाशा संकेतस्थळावर ठेवावा असं बंधन घातलं. हे चांगलं पाऊल आहे. त्याचं स्वागत करूनच त्याची मर्यादा सांगायला हवी. हा नकाशा कंपनीने टॉवरची जागा, उंची, ताकद आणि जमिनीचा चढउतार यांवरून काढलेला अंदाज असतो. तो सांगतो की इथे उघड्यावर सिग्नल असायला हवा. मातीच्या जाड भिंतींच्या आणि पत्र्याच्या छपराच्या घरात तो किती उरतो, संध्याकाळी सात वाजता सगळा गाव एका टॉवरवर आला की प्रत्येकाच्या वाट्याला काय येतं, आणि वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी किती तास टिकते, हे त्या रंगीत पट्ट्यात मावत नाही. शिवाय 'ब्रॉडबँड' म्हणजे काय, तेही सरकत आलं आहे. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत होते, २०१३ मध्ये ५१२ झालं, आणि जानेवारी २०२३ पासून किमान दोन मेगाबिट लागतात. फोनवर रेंजची एक काडी दिसणं आणि दोन मेगाबिट मिळणं यांत मोठं अंतर आहे.

हे अंतर खानदेशात कुणाला महाग पडतं? सरकारच आता आपला कारभार या एका काडीवर टाकून बसलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद चढवायची. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा जागेच्या नोंदीसह फोटो काढून हजेरी घेणं सक्तीचं झालं. रेशनच्या दुकानात बोटाचा ठसा पडताळायला नेट लागतं, अंगणवाडीच्या नोंदी फोनवरून जातात. रेंज नसलेल्या पाड्यावर मजुराने दिवसभर खोदकाम केलं आणि हजेरी वेळेत चढली नाही, तर त्याची मजुरीच धोक्यात येते. नकाशावर मात्र तो पाडा 'व्याप्त' असतो, आणि व्याप्त असल्यामुळे तिथे टॉवर हवा अशी मागणीच ग्राह्य धरली जात नाही. देशातल्या न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटींची ४-जी योजना मंजूर केली. अशा योजनेत कुणाला घ्यायचं हे यादी ठरवते, आणि यादी नकाशावरून होते. चुकीच्या नकाशात सापडलेल्या पाड्याच्या हाती ना सेवा राहते ना तक्रार.

म्हणून प्रश्न असा उरतो की टेलकडची माहिती कुणाजवळ आहे. माझ्या मते ती ज्याला गावात 'वायफायवाला' म्हणतात त्याच्याजवळ आहे. हा मनुष्य बहुधा आधी केबल टीव्हीच्या धंद्यात असतो. त्याच्याकडे इंटरनेट सेवेचा परवाना असतो, किंवा मोठ्या परवानाधारकाचा तो भागीदार असतो. देशव्यापी, राज्यव्यापी आणि साधारण एका जुन्या टेलिफोन जिल्ह्यापुरत्या अशा परवान्यांच्या श्रेणी आहेत; शेवटची श्रेणी अशाच माणसांसाठी ठेवलेली आहे. शहरातून किंवा महामार्गावरून फायबरने घाऊक बँडविड्थ घ्यायची, पाण्याच्या टाकीवर किंवा भाड्याच्या मनोऱ्यावर रेडिओ बसवायचा आणि पाच-दहा किलोमीटरवरच्या गावात घराच्या छपरावरच्या छोट्या डिशवर तो झेलायचा, ही त्याची रीत. हे शक्य झालं कारण काही लहरींना परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधला ६०५ मेगाहर्ट्‌झचा मोठा हिस्सा बाहेरच्या वापरासाठीही खुला झाला. वर्षाला कोट्यवधी रुपये मोजून लहरी विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला या निर्णयाने उभं राहायला जागा दिली.

त्याचं ज्ञान कशा प्रकारचं असतं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. या लहरी सरळ जातात आणि वाटेत फारसं काही सहन करत नाहीत. एका टोकावरून दुसरं टोक डोळ्यांना दिसणं पुरत नाही. ५.८ गिगाहर्ट्‌झवर पाच किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर सुमारे आठ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा असावा लागतो. सपाट तापी खोऱ्यात हे साधेल असं वाटतं. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागांच्या कडेने वारा अडवायला शेवरीची दाट ताटी लावतात, आणि पाण्याने भरलेली हिरवी पानं या लहरी शोषून घेतात. शेतवस्तीवरच्या कमी उंचीच्या खांबाला मे महिन्यात मिळणारा वेग पावसाळ्यानंतर तसाच राहील याची खात्री नसते. धुळ्याकडे अडचण वेगळी. तिथे लाव्हाच्या थरांना चिरून वर आलेल्या डाईकच्या भिंती आहेत. भूशास्त्रात धुळे-नंदुरबारचा हा डाईकसमूह प्रसिद्ध आहे. शिंदखेडा-साक्रीकडच्या उघड्या माळावर या अरुंद, लांबलचक धारा अचानक आडव्या येतात. त्यांच्या सावलीत सापडलेली वस्ती जमिनीच्या ढोबळ प्रतिमेवरून काढलेल्या नकाशात सपाटीवरच दिसेल. कुठल्या धारेमागे लिंक लागत नाही, कुठल्या टाकीवरून कुठला पाडा दिसतो, कुठल्या गावचा विजेचा फीडर किती वेळ बंद असतो, हे शिडीवर चढणाऱ्या माणसालाच कळतं. आणि त्याच्याजवळ आणखी एक मोलाची गोष्ट असते, तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. ज्यांनी कनेक्शन मागितलं आणि ज्यांना 'तिथे होणार नाही' असं सांगावं लागलं, त्यांची नावं आणि ठिकाणं. नाही म्हटलेल्यांची ही यादी म्हणजे टेलचा नकाशाच होय. ती ना ट्रायकडे जाते ना जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आकड्यांच्या पारड्यात हे लोक हलके आहेत, हे मान्य करायला हवं. देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक पाच मोठ्या कंपन्यांकडे आहेत. मग उरलेल्या दीड-दोन टक्क्यांसाठी एवढा खटाटोप का, असं कुणी विचारेल. पण टेल ही कुठल्याही कालव्यावर क्षेत्राने थोडीच असते. आणि पाणी खरंच पोचतं की नाही याची परीक्षा तिथेच होते. शिवाय बिनतारी दुव्यांनी गावं जोडता येतात हा नुसता दावा नाही. तमिळनाडूत थेनी भागात अरविंद नेत्रालयाने बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर लांब पल्ल्याच्या वायफाय दुव्यांवर खेड्यांतली दृष्टी केंद्रं मुख्य रुग्णालयाशी जोडली आणि त्यांवरून डॉक्टरांनी रुग्ण तपासले. आपल्याच राज्यात मुंबईच्या आयआयटीतल्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राम मार्ग प्रकल्पात पालघर जिल्ह्यातली गावं आधी दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरींवर आणि पुढे ५.८ गिगाहर्ट्‌झवर जोडली. पालघरचा धडा आपल्याला जवळचा आहे: फायबर जिथे संपतं तिथून पाड्यापर्यंतची मधली मजल बिनतारी दुव्याने थोड्या खर्चात पार करता येते. यावल अभयारण्यातून किंवा अनेरच्या जंगलातून चर खोदायचा तर वनखात्याच्या परवानगीला लागणारा काळ मोजावा लागतो. लहरींना झाडं अडवतात, पण चर लागत नाही.

या व्यावसायिकांविषयीच्या शंका मात्र खऱ्या आहेत, आणि त्या झटकून टाकणं योग्य नाही. परवानामुक्त पट्टा म्हणजे रस्त्यावरचा बाजार. आज एकाने रेडिओ लावला, उद्या शेजारच्याने त्याच वारंवारतेवर लावला की दोघांचाही वेग पडतो. आणि आता मोठ्या कंपन्यांच्या घरगुती बिनतारी सेवेचा काही भागही याच पट्ट्यात चालू झाला आहे, तेव्हा गर्दी वाढणारच. काही जण परवान्याशिवाय घेतलेलं एक कनेक्शन दहा घरांत वाटतात. ग्राहकाची ओळख आणि नोंदी ठेवणं हे परवान्याचं बंधन आहे, ते पाळलं जात नसेल तर कारवाई व्हायलाच हवी. आणि धंदा करणाऱ्याला नकाशात आपलं क्षेत्र फुगवून दाखवायचा मोह होईल, म्हणजे तिथे सरकारी फायबर येऊन स्पर्धा करणार नाही. अमेरिकेत नेमका हाच पेच पडला. तिथल्या दूरसंचार आयोगाच्या जुन्या पद्धतीत जनगणनेच्या एका ब्लॉकमधल्या एका घराला जरी सेवा देता आली तरी अख्खा ब्लॉक सेवेखाली धरत. ग्रामीण भागातले प्रचंड ब्लॉक त्यामुळे कागदावर जोडलेले राहिले. मार्च २०२० मध्ये त्यावर कायदा करावा लागला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये घराघराचा नवा नकाशा आला. त्यातली महत्त्वाची सोय अशी की आपल्या घराची नोंद चुकली असेल तर कुणालाही आव्हान देता येतं, आणि मग सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर पडते. त्याच नकाशावर ४२.४५ अब्ज डॉलरच्या अनुदानाचं वाटप ठरायचं होतं. त्या अनुदानाच्या मूळ नियमांत मात्र फक्त परवानामुक्त लहरींवर सेवा मिळणारी जागा 'न पोचलेली' धरली गेली, म्हणजे वर्षानुवर्षं सेवा देणारा छोटा पुरवठादार एका व्याख्येने नकाशावरून पुसला गेला. जून २०२५ मध्ये ते धोरण बदललं. या प्रकारातून मी दोन गोष्टी घेतो. छोट्या पुरवठादाराला नकाशात जागा हवी, आणि त्याच्या दाव्याला आव्हान देण्याचा हक्क गावाला हवा. एकाशिवाय दुसरं अपुरं आहे.

उपग्रह येतोय, मग या खांबांची आणि नकाशांची गरज काय, असंही विचारलं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात आपल्या शेजारच्या नंदुरबारचा समावेश आहे. सातपुड्याच्या आतल्या दऱ्यांत, जिथे कुठलीच टाकी दिसत नाही, तिथे उपग्रहाला पर्याय नसेल हे मला मान्य आहे. पण उपग्रहाची डिश कोणत्या पाड्याला द्यायची हे ठरवायलाही तोच नकाशा लागतो. आणि महाग साधन खोऱ्यातल्या, टाकीवरून दिसणाऱ्या वस्तीत लावलं, तर दरीतल्या वस्तीसाठी पैसा उरणार नाही. फायबरविषयीचा आग्रह याहून वेगळा आहे. फायबर टिकाऊ आणि वेगवान आहे, शेवटी तेच हवं, यात वाद नाही. पण शेवटी म्हणजे कधी, हे २०११ पासून चाललेल्या कामाने दाखवलं आहे. बिनतारी दुवा आज चालू झाला तर तिथे ग्राहक तयार होतात, आणि ज्या वस्तीत पैसे भरणारे ग्राहक दिसतात तिथे फायबर ओढणं पुढे कुणालाही परवडतं.

मग करायचं काय? नवं यंत्र उभारण्याची गरज नाही. ई-पीक पाहणीने दाखवून दिलं आहे की गट क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो ही नोंद लाखो शेतकरी स्वतः करू शकतात. त्याच धर्तीवर आशा सेविका, ग्राम रोजगार सेवक आणि शाळेतल्या शिक्षकांच्या फोनवरून पाड्यापाड्यातली मोजणी घेता येईल: घरात आणि अंगणात मिळालेला वेग, दिवसा आणि संध्याकाळी, वीज असताना आणि नसताना. जिथे रेंजच नाही तिथली नोंद फोनमध्ये साठवून नंतर चढवता यावी, नाहीतर सर्वांत वाईट जागाच नोंदीतून सुटेल. परवानाधारक छोट्या पुरवठादारांनी आपल्या मनोऱ्यांची ठिकाणं, पोचणाऱ्या वस्त्या आणि ती नाही म्हटलेल्यांची यादी, ग्राहकांची नावं वगळून, जिल्हा प्रशासनाकडे द्यावी. बदल्यात पाण्याच्या टाक्या, शाळांची छपरं आणि भारतनेटच्या पेटीतली क्षमता त्यांना ठरलेल्या, जाहीर दराने मिळावी. ही माहिती म्हणजे आमच्या धंद्याचं गुपित, असं ते म्हणतील. पण सार्वजनिक टाकीवर डिश लावायची तर ती कुणापर्यंत पोचते हे सार्वजनिक असणं रास्त आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या भूगोल आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या नोंदी गावनकाशावर चढवण्याचं काम देता येईल.

आणि आता तो 'मागणीनुसार' हा शब्द. सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायतीबाहेरच्या गावाला जोडणी मागणीनुसार मिळायची आहे. पण मागणी कोण करणार, कोणत्या पुराव्यावर? महसुली गाव जोडलेलं दिसत असेल तर त्याचा पाडा मागणार तरी कसा? पेसाखालच्या ग्रामसभेला ठराव करता येतो. त्या ठरावाला पाड्यातल्या मोजणीचा कागद जोडला, तर जिल्हाधिकारी कार्यालयाला तो दप्तरी टाकणं अवघड जाईल. पहिली फेरी पेरणीआधी मे महिन्यात घ्यावी आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये, केळी आणि शेवरी उभी असताना, म्हणजे एकाच जागेचे दोन्ही आकडे हाती येतील. सुरुवात चोपडा आणि शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांपासून करावी. खोऱ्यातली गावं मागाहून घेतली तरी चालतील.